दोन मिनिटांचा फेस

११ एप्रिल
आज ठरलं. कुसुमच्या पायाचा प्रश्न मी स्वतः सोडवणार.

हकिकत अशी. कुसुम, माझी बायको, पंचवीस वर्षं शाळेत उभी राहून शिकवते. तिच्या डाव्या पोटरीवर निळ्या-हिरव्या नसांचं जाळं झालं आहे. संध्याकाळी पाय सुजतो, रात्री गोळे येतात. व्हेरिकोज व्हेन्स. तिच्या हट्टामुळे आज डॉक्टरकडे गेलो. डॉक्टर म्हणजे चेतना खोब्रागडे, कुसुमचीच जुनी विद्यार्थिनी, आता नसांची स्पेशालिस्ट. बाई म्हणून कुसुमच्या पाया पडली. मला नुसतं नमस्ते.

उपचार तिने सांगितला तो असा. औषधाचा फेस करायचा आणि सुईने खराब नसेत सोडायचा. फेस रक्ताला बाजूला सारतो, औषध नसेच्या भिंतीला लागतं, नस आतून चिकटून बंद होते. रक्त चांगल्या नसांनी जाऊ लागतं. अर्ध्या-पाऊण तासाचं काम, पेशंट चालत घरी. मी एकच प्रश्न विचारला, शास्त्रज्ञाचा. फेस टिकतो किती वेळ? ती म्हणाली, सर, दोनेक मिनिटांत अर्धा विरघळून पाणी होतो.

दोन मिनिटं! माझा दाढीचा फेस मध्येच फोन आला तरी तग धरतो. असल्या फेसावर माझ्या बायकोचा पाय सोपवू? मी तिथेच जाहीर केलं की याहून टिकाऊ फेस मी तयार करीन, तोपर्यंत थांबा. एकोणीस वर्षं फार्मसी कॉलेजात हेच तर शिकवतो. कुसुमने सुट्टीतली तारीख घेऊन ठेवली होती, ती रद्द करवली. चेतनाने वहीतली तारीख खोडली. दबली असणार.

घरी येताना जिन्याच्या मधल्या वळणावर कुसुम नेहमीसारखी कठडा धरून थांबली. म्हणाली, चांगली सुट्टीतली तारीख भेटली होती, काहून कॅन्सल केली हो? म्हटलं, तुझ्यासाठीच. फेसाचं नावही सांगितलं: कुसुम फोम. तिने पायाला बाम चोळला.

१५ एप्रिल, सकाळ
लॅबमध्ये श्रीगणेशा. कृती सोपी. दोन सिरिंज, मध्ये तीन तोंडांची तोटी. एकीत औषध, दुसरीत चौपट हवा. इकडून तिकडे, तिकडून इकडे भराभर ढकलायचं. पांढराशुभ्र फेस होतो. मग फोनवरचं स्टॉपवॉच लावायचं आणि अर्धा फेस पाणी होईपर्यंत बघत राहायचं. बसून नीट दिसत नाही, उभं राहावं लागतं.

तोच दिवस, दुपार
सव्वा मिनिट. चेतनाच्या फेसापेक्षाही कमी. पण सुरुवात म्हणून उत्तम, कारण सुधारणेला वाव भरपूर. अंगठा दुखतो.

भार्गव डोकावला. माझ्याकडे शिकलेला, माझ्याहून बारा वर्षांनी लहान, आणि आता असोसिएट प्रोफेसर. मी अजून असिस्टंटच. का, ते मॅनेजमेंटला विचारावं. भार्गव म्हणाला, सर, रूम टेम्परेचर नोट करून राहिले ना? गरमीत फेस लवकर फुटते. म्हटलं, प्रतिभा टेम्परेचर बघत नाही. हे वाक्य चांगलं आहे. पुढे मुलाखतीत वापरायचं.

२३ एप्रिल
ग्लिसरीन घातलं. घट्टपणा आला की फेस टिकतो, हे माझं निरीक्षण. (भार्गव म्हणतो पुस्तकात आहे. असेल. पुस्तकवाल्यांनाही कधी कधी सुचतं.) मिश्रण इतकं घट्ट झालं की दट्टा हलेना. छातीचा भार देऊन ढकललं तर तोटी सुटली आणि सगळा फेस भार्गवच्या शर्टावर. मी ताबडतोब स्टॉपवॉच लावलं. शर्टावर तो चार मिनिटं टिकला! भार्गवला हलू नको म्हटलं तर निघून गेला. विज्ञानाची तळमळ नाही पोरांत.

२८ एप्रिल
शत्रू सापडला. सिरिंजच्या दट्ट्याला कंपनीवाले सिलिकॉनचं तेल लावतात. ते तेल फेस मारतं. म्हणजे दोष माझा नाही, सिरिंजचा आहे. सगळ्या सिरिंज घरी आणल्या आणि भांड्यांच्या साबणाने धुतल्या.

२९ एप्रिल
तेल गेलं. आता एकही दट्टा हलत नाही. तूर्त दोन सिरिंज पदरच्या पैशाने आणल्या, बाकीच्यांसाठी पर्चेस कमिटीकडे अर्ज. औषधाच्या वायल्सही संपत आल्या, तोही अर्ज त्यातच. कमिटीत भार्गव आहे. जाऊ दे.

डावी पोटरी जड वाटते. लॅबमध्ये डास फार.

६ मे
शाळेला सुट्टी लागून किती दिवस झाले. कुसुम दुपारी भिंतीला पाय टेकवून आडवी पडते. आज ती म्हणाली, माझा पाय दुखून राहिला अन् तुम्ही फेस मोजून राहिले. तुमच्या फेसापायी माझ्याच तोंडाला फेस आला. मी शांतपणे समजावलं की मोठ्या कामांना वेळ लागतो. किती लागंल, असं तिने विचारलं. असे प्रश्न पत्नीने विचारू नयेत. नोबेलवाल्यांच्या बायका विचारत नसणार.

संकल्प: उद्यापासून रोज पहाटे पाचला उठून लॅब. चिडायचं नाही. भार्गवशी बोलायचं नाही.

७ मे
आठला उठलो. भार्गवशी बोलावं लागलं, लॅबची किल्ली त्याच्याकडे होती. चिडलो.

१४ मे
रायपुरात त्रेचाळीस डिग्री. बीरगावच्या रस्त्याने स्कूटरवर कॉलेजला पोचेपर्यंत ट्रकांच्या धुळीने माझाच रंग बदलतो. फेस आता पाऊण मिनिटही धरत नाही. गेल्या महिन्यात सव्वा मिनिट होता. म्हणजे मी मागे चाललोय? शक्य नाही. उन्हाळा पुढे चाललाय.

एसी फक्त प्रिन्सिपलच्या खोलीत. त्यांना म्हटलं, कोपऱ्यात एक टेबल द्या. म्हणाले, यहाँ पेरेंट्स आते हैं, सर. आपका झाग देखेंगे तो क्या सोचेंगे? या देशात संशोधन व्हायचं तरी कसं.

१९ मे
उपाय सापडला. घरचा कूलर लॅबमध्ये नेला. छोटा हाथी टेम्पो बोलावून, खसच्या ताट्यांसकट. हॉलमधला एकुलता एक कूलर, म्हणजे कुसुम ज्याच्यापुढे पाय करून पडते तो. त्यागाशिवाय विज्ञान नाही. त्याग सगळ्यांनी मिळून करायचा असतो.

निकाल: दीड मिनिट! कूलरची हवा आणि माझं ग्लिसरीन. मुख्यतः ग्लिसरीन.

२० मे
घरात रणकंदन. गंधाली (माझी मुलगी, बी.कॉम., मराठी समजतं पण उत्तर हिंदीतच देते) म्हणाली, पापा, मम्मी का कूलर उठाके ले गए? नौतपा आ रहा है, मम्मी मर जाएगी गर्मी में. मी म्हटलं, कूलर मम्मीसाठीच नेलाय. म्हणाली, वहाँ मम्मी थोड़ी है. तर्कशास्त्र हा विषय बी.कॉम.ला नसतो हेच खरं.

कुसुमने मात्र सहकार्य केलं. म्हणजे बोलणं बंद केलं.

२७ मे
नौतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यांत तापलेले नऊ दिवस, जोरात. बूढ़ातलावाचं पाणी नुसतं बघूनही डोळे भाजतात. कुसुम आणि गंधाली सकाळपासून बाहेर. एसीत बसायला जातो म्हणाल्या, कुठे ते मी विचारलं नाही. चार वाजता परतल्या. गंधाली तिला स्कूटीवरून अगदी हळू घेऊन आली, जणू अंड्यांचा क्रेट आणतेय. मी विचारलं, कसं वाटलं? कुसुम म्हणाली, थंड. आणि हसली. आठवड्यानंतर हसली. बायकांचा राग असाच, एसीत बसवलं की उतरतो.

२९ मे
कुसुमने पायात लांबलचक मोजा घातलाय, घट्ट, पार मांडीपर्यंत. चव्वेचाळीस डिग्रीत मोजा! थंडी वाजत असेल तर कूलर नेला ते बरंच झालं म्हणायचं.

औषध अजून आलेलं नाही. उरलेल्या एका वायलवर दिवस काढतोय. थोडं औषध, बाकी पाणी. फेसाचा मूळ प्रश्न स्टॅबिलिटीचा आहे, औषधाचा नाही. औषध काय, नंतरही घालता येतं.

३१ मे, सकाळी
युरेका.

न्याहारीला बासी होती. उन्हाळ्यात आमच्याकडे रात्रीचा भात पाण्यात भिजत घालतात आणि सकाळी कांद्यासोबत खातात. चार पिढ्या रायपुरात काढल्यावर पोह्यांइतकीच बासीही आमची. मी वाटी हलवली. वरच्या पाण्यावर बारीक फेस आला. आणि तो गेलाच नाही. मी हलवत राहिलो, तो राहिला. भाताचं पाणी! स्टार्च! घट्टपणा! इतके दिवस उत्तर माझ्या ताटात होतं आणि मी ते कांद्यासोबत खात होतो.

कुसुमला म्हटलं, उद्यापासून जास्त भात भिजव. ती म्हणाली, हव. एवढंच. ही बातमी ऐकून याहून जास्त बोलायला हवं होतं.

१ जून
रविवार असूनही लॅब. बासीचं पाणी गाळून घेतलं. जास्त बासी, थोडं ग्लिसरीन, औषध नावापुरतं. फेस झाला. स्टॉपवॉच लावलं. पाच मिनिटं झाली. दहा झाली. चहा करून आणला, प्यायलो, फेस तसाच. वीस मिनिटांनंतर स्टॉपवॉच बंद केलं, माझ्याच डोळ्यांत पाणी आलं.

दोन मिनिटांची वीस मिनिटं. कुणी केलं? असिस्टंट प्रोफेसरने.

२ जून
कालचा फेस मेजरिंग सिलिंडरमध्ये झाकून ठेवला होता. सकाळी पाहतो तर तो होताच, शिवाय वाढला होता! झाकण वर उचललं गेलेलं, फेस काठावरून खाली उतरतोय. जगात फेस मरतात. माझा जगतो आणि वाढतो. विज्ञानाच्या इतिहासात हे प्रथमच असावं. शोधून पाहिलं नाही, पण असावं.

नावाचा पुन्हा विचार केला. आंतरराष्ट्रीय व्यासपीठावर कुसुम हा उच्चार परदेशी लोकांना जड जाईल. म्हणून आधी माझं नाव जोडलं: यज्ञेश्वर-कुसुम फोम.

४ जून
भार्गवला दाखवला. त्याने वास घेतला. म्हणाला, सर, हे आंबलं आहे. बासी आंबून गॅस सुटून राहिली, म्हणून फेस फुगून राहिला. मी त्याला सांगितलं, मत्सर नाकातून सुरू होतो. तो म्हणाला, हव सर, आणि गेला. खिडकी उघडून गेला.

यज्ञेश्वर हे नावही लांब आहे, जोडीला दुसरं नाव लावून आणखी लांब होतं. यज्ञेश्वर फोम. सुटसुटीत.

७ जून
आमच्या मराठी मंडळाचे सेक्रेटरी यशवंतराव ब्राह्मणपाऱ्यात देवळाजवळ भेटले. मंडळात दर महिन्याला एक व्याख्यान होतं, वक्ता मिळत नाही म्हणून ते हैराण असतात. गेल्या महिन्याचं व्याख्यान कुंड्यांतल्या खतावर होतं. मी संशोधनाबद्दल सांगितलं. म्हणाले, काही दाखवता येते का? नुसत्या बोलण्याले पब्लिक येत नाही. म्हटलं, दाखवतो. बावीस जून, संध्याकाळी सहा. विषय: ‘नसांचं भवितव्य’. अल्पोपाहाराची सोय आहे.

शेवटी एक धक्का ठेवायचा. स्टेजवरून कुसुमला बोलवायचं आणि जाहीर करायचं की यज्ञेश्वर फोमची जगातली पहिली पेशंट माझी स्वतःची पत्नी असेल. टाळ्या. तिला आधी सांगायचं नाही. आनंद अचानक झाला की जास्त होतो.

१० जून, वटपौर्णिमा
शेजारच्या हिंदीवाल्या बायकांनी अमावस्येलाच उरकलं, आपल्यांचं आज. मी स्कूटरवरून कुसुमला वडापर्यंत नेलं. गेल्या वर्षी दोन फेऱ्यांनंतर ती पारावर बसली होती आणि उरलेल्या शेजारच्या गोदावरीबाईंनी तिच्या नावाने मारल्या होत्या. या वेळी सातही मारल्या, न थांबता, दोरा गुंडाळत. वर गोदावरीबाईंचे गुडघे दुखत होते म्हणून त्यांच्याही हिच्याच पायांनी झाल्या! मी लांबून पाहत होतो. भरून आलं. इतके पाय दुखत असताना सात जन्म मलाच मागून राहिली. रोज संध्याकाळी बूढ़ातलावाला चक्कर मारायलाही जाते हल्ली, अर्धा-पाऊण तास. बहुधा माझ्या यशासाठी काही नवस असेल.

मी वडाखाली उभा राहून थकलो. पोटरीत ठणका. गोदावरीबाई म्हणाल्या, भाऊ, बसा. बसलो.

१३ जून
चेतनाकडे गेलो. खरं तर तिला आधी दाखवायची गरज नव्हती, पण म्हटलं मन मोठं ठेवावं. इंजेक्शन द्यायला हात तरी कुणाचा लागेलच. बाटली टेबलावर ठेवली. तिने झाकण उघडलं, नाक मुरडलं, लगेच लावलं. मला विचारलं, सर, यात औषध किती आहे? मी म्हटलं, तो दुय्यम मुद्दा आहे.

मग ती बराच वेळ बोलली. उद्धट नाही, पण अशा आवाजात की जसं कुसुम सहावीच्या वर्गात बोलत असेल. सर, हे कोणाच्याच नसेत नका टाकू, जीव जाईल माणसाचा. आणि समजा हे शुद्ध असतं तरी फेस विरघळलाच नाही तर तो कुठं जाईल, सांगा बरं? नसेतून वर जाते. छातीत, डोक्यात. फेसाचं काम रक्ताला बाजूला करणं आणि भिंतीला औषध लावणं. तेवढं केलं की त्याने विरून गेलंच पाहिजे. आम्ही तो पेशंटच्या बाजूला बनवतो अन् लगेच टाकतो. थोडा टिकाऊ करायचं काम जगात चालू आहे, चांगलंच आहे ते. पण अमर फेस कोणाले पाहिजे, सर?

मी ऐकून घेतलं. पोट्टी हुशार आहे, व्हिजन नाही. निघताना तिने विचारलं, बाईंचा पाय कसा आहे? म्हटलं, आहे तसाच, माझी वाट बघतोय. त्यावर ती हसू दाबतेय असं वाटलं. मग तिची नजर खाली माझ्या पायांकडे गेली. मी हाफ पँटमध्ये होतो. म्हणाली, सर, तुम्ही पण एकदा दाखवून घ्या. अपराधी माणसं नजर खाली वळवून विषय बदलतात, तसंच ते.

व्याख्यान होणारच. इंजेक्शनची घोषणा करायला इंजेक्शन द्यावं लागत नाही. तत्त्वतः पेशंट.

१६ जून
शाळा सुरू. पहिल्याच दिवशी कुसुम सहा तास उभी. घरी आली, जिना चढली. मी दारात होतो म्हणून पाहिलं, मधल्या वळणावर थांबली नाही. अजून रागात असावी, रागात माणूस भरभर चढतो. चहा केला, तोही उभ्याने. एक तक्रार नाही. सवय झाली शेवटी तिला. माणूस दुःखाची सवय करून घेतो.

कूलर परत आणावा का? उन्हाळा संपत आला, आता काय.

२१ जून
भाषण पाठ. ‘प्रतिभा टेम्परेचर बघत नाही’ हे वाक्य तिसऱ्या मिनिटाला. ताजा फेस तयार करून बाटलीत भरला आणि बूच घट्ट ठोकून बसवलं, चेतनाच्या नाकाचा अनुभव लक्षात घेऊन. फेस गरम हवेत उद्यापर्यंत छान वाढेल.

आरशासमोर सराव करताना पाहिलं. डावी पोटरी चांगलीच फुगली आहे. या डासांचं काहीतरी केलं पाहिजे.

२२ जून, दुपार
हॉल भरणार अशी चिन्हं आहेत. यशवंतरावांचा फोन: अल्पोपाहारात उपमा आणि जिलबी. कुसुम जरीकाठाची साडी नेसली आहे. मोजा नाही. तिने चेतनालाही बोलावलंय. उत्तम. येऊ दे. बघू दे.

२३ जून
काल रात्री लिहिणं शक्य नव्हतं.

हॉल भरला होता. जिलबीमुळे असेल, पण भरला होता. यशवंतरावांनी ओळख करून दिली, प्रोफेसर म्हणाले, मी दुरुस्ती केली नाही. भाषण चांगलं चाललं होतं. बाटली टेबलावर, मागे पांढरा पडदा. पंखे होते पण उकडत होतं. मी तिसऱ्या मिनिटाला म्हटलं, प्रतिभा टेम्परेचर बघत नाही.

बूच उडालं. गोळी सुटल्यासारखा आवाज. फेस यशवंतरावांच्या सिल्कच्या कुर्त्यावर, हारावर, माइकवर. पहिल्या रांगेतल्या आजोबांनी विचारलं, आज उपम्याऐवजी बासी ठेवली का? हॉलमध्ये आंबलेल्या भाताचा वास पसरला. मी धीर सोडला नाही. म्हटलं, पाहा, किती शक्ती! आणि संधी साधून घोषणा केली. पहिली पेशंट माझी पत्नी. कुसुम, वर ये.

स्टेजला पायऱ्या चार, उंच, कठडा नाही. यशवंतराव हात द्यायला पुढे झाले. तिने हात घेतला नाही. झपझप चढली. वर येऊन माइक पुसला आणि म्हणाली, माझं तर झालं. मे महिन्यातच झालं. नौतप्यात यांनी घरचा कूलर फेसासाठी नेला, तर माझी पोट्टी म्हणाली, मम्मी, चेतनादीदीच्या क्लिनिकमध्ये एसी आहे, तिथं जाऊन बसू. बसल्या बसल्या म्हटलं, आता आलीच आहे तर करून घेते. अर्धा तास लागला. दोन मिनिटांचाच फेस होता, बरं का. यांनी कूलर नेला नसता तर मी वाटच पाहत बसले असते.

लोक हसले. टाळ्या वाजल्या. टाळ्या कूलरला होत्या.

नंतर अल्पोपाहाराच्या वेळी माझ्या टेबलाशी कुणीच नव्हतं. चेतनाभोवती मात्र बायकांचा घोळका. कुणी साडी घोट्यावर उचलून पाय दाखवत होतं, कुणी फोन नंबर घेत होतं. गोदावरीबाई सगळ्यांत पुढे. भार्गवने मला जिलबी आणून दिली. तेवढ्यासाठी त्याच्याबद्दल मत थोडं बदललं.

काल घरी आल्यावर मी रागावलो. रागावणं भागच होतं. नवऱ्याला न सांगता ऑपरेशन! कुसुम म्हणाली, ऑपरेशन नव्हतं. अन् सांगितलं असतं तर तुम्ही करू दिलं असतं का? मी उत्तर तयार करत होतो तेवढ्यात ती पुढे म्हणाली, एक महिना झाला. मोजा घालून फिरले. रोज तलावाला चक्कर मारली, चेतनाने सांगितलं होतं म्हणून. वडाला माझ्या आणि गोदावरीच्या मिळून चौदा फेऱ्या मारल्या, तुम्ही समोर उभे होते. फेसाकडे तुम्ही सेकंद-सेकंद पाहत बसले. माझ्या पायाकडे एकदाही नाही पाहिलं. वाटलं होतं आज पाहतील, उद्या पाहतील. मीही हट्टालाच पेटले मग. म्हटलं पाहू, किती दिवस लागते.

मग ती खुर्चीत बसली आणि साडी पोटरीपर्यंत वर घेतली. मी पाहिलं. जाळं नाही. कुठे कुठे तपकिरी डाग, ते जातील म्हणते. पंचवीस वर्षांचं जाळं, आणि माझ्या घरात ते नाहीसं झालं ते मला कळलं नाही. वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं. हे लिहून ठेवतो.

२४ जून
शांतपणे विचार केला. कूलर मी नेला, म्हणून ती एसीत गेली, म्हणून उपचार झाला. म्हणजे मूळ श्रेय माझं. पण हे घरात मांडण्याची वेळ अजून आलेली नाही.

कूलर परत आणला. गंधालीने दार धरलं. तेवढंच फार.

कॉलेजात भार्गवने बाटल्या फेकायला मदत केली. पर्चेस कमिटीकडून औषध आज आलं. पेटी उघडली नाही. लॅबमधल्या फुटलेल्या सिरिंज आवरताना दोन तास उभा राहिलो आणि डाव्या पायात असा गोळा आला की ओरडलो. भार्गवने पँट वर केली, बघितलं, म्हणाला, सर, हे डास नाहीत.

२५ जून
कुसुमने उजेडात नेऊन पाहिलं. चष्मा लावून, बोटाने चाचपून, नीट. गुडघ्याच्या मागून घोट्यापर्यंत निळी दोरी, गाठी गाठी पडलेली. म्हणाली, किती दिवसांपासून आहे? मी म्हटलं, एप्रिलपासून असेल. ती म्हणाली, एप्रिलपासून नाही, दोन वर्षांपासून आहे, मी पाहत होते. मागे दोनदा बोललेही होते, तुम्ही म्हटलं डास.

तिने चेतनाला फोन केला. शुक्रवारची तारीख मिळाली. शाळेतून अर्धा दिवस सुट्टी घेऊन मी सोबत येते म्हणाली, कारण तुम्ही एकटे गेलात तर टेबलावरही स्टॉपवॉच लावाल. मी म्हटलं, निदान एवढं तर विचारू दे, तो फेस आता किती वेळ टिकतो.

पुरते तेवढा, असं कुसुम म्हणाली, आणि माझ्या पायाखाली उशी ठेवून कूलर माझ्याकडे वळवला.